मेणबत्तीकडे तोंड

"पी. माझ्या डोळ्यांदेखत पी."

देसांकाने पाण्याचा पेला ओग्न्येनच्या ओठांना लावला, तशी त्याने मान भिंतीकडे वळवली. सव्वीस वर्षांच्या त्या देहात मान तेवढी हुकमात उरली होती.

"पाहुणे गेले की पितो, आई."

"आज कुळाच्या संताचा सण. रात्रीपर्यंत रीघ लागेल. तोवर तुझी किडनी थांबणार आहे का?"

"त्या सगळ्यांमधून मला खांद्यावर टाकून नेशील? नको."

संडास बैठकीच्या पलीकडे होता आणि बाटलीत त्याला होत नसे. म्हणून पठ्ठ्या कालपासून कोरडा.

कालच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "किडनीची जुनी तपासणी चांगली यायची, कारण ती स्नायूंवर अवलंबून. याच्या अंगात स्नायू उरलेत कुठे? दुसरी केली, तर किडनी निम्मी गेलेली. पाणी किती पितो हा?"

"दिवसदिवस लघवीला उठवावं लागत नाही त्याला," देसांका तोऱ्यात बोलून गेली. बाई हळूच म्हणाल्या, "त्याला कोरडं पडू देऊ नका. उरलेलीही जाईल."

रोग देसांकाच्याच माहेरचा. तिचा भाऊ तिहोमिर असाच गेला. शेवटी किडनी गेली, तोंड सुजून ओळखू येईना.

"कुणी बघणार नाही," ती म्हणाली. "शब्द देते."

"घर भरलंय."

"घर माझं आहे."

तो प्यायला. एक पेला, मग दुसरा. ती माशांची ताटं वाढत राहिली, कान मात्र त्याच्या खोलीच्या दाराकडे. बऱ्याच वेळाने हाक आली.

देसांकाने पळी आपटली. "उठा सगळे! मेणबत्तीकडे तोंड करा!"

"वहिनी, प्रार्थना सकाळीच झाली की," तिचा दीर रादोये तोंडातला घास सावरत म्हणाला.

"तुझ्या पापांना एकदा पुरते होय? ऊठ. मी सांगेपर्यंत जो वळेल, त्याने पुन्हा या घराचा उंबरा चढायचा नाही."

खुर्च्या सरकल्या. सगळे संताच्या तसबिरीखालच्या मेणबत्तीकडे वळले. त्यांच्या पाठींमागून ती मुलाला घेऊन निघाली. केवढा हलका झाला होता! रादोयेचे कान लाल झाले. त्याने खाकरून संताचं स्तोत्र धरलं, बेसूर, पण मोठ्यांदा. इतरांनी आवाज मिळवला. एकही मान वळली नाही.

तिने त्याला नीट टेकवून बसवलं, दार लोटलं आणि बाहेर कान लावून उभी राहिली.

स्तोत्र संपलं. बैठकीत कुणी हललं नाही. दाराआड अजून काहीच आवाज नव्हता. देसांकाने एप्रनचं टोक मुठीत आवळलं.

रादोयेने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.