शंभरापैकी ब्याण्णव

त्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंना सगळे ताईच म्हणायचे, वयानं मोठे असलेलेसुद्धा. आवाजच तसा होता! जिन्यात नुसत्या खाकरल्या, तरी गच्चीवरची कबुतरं उडायची ती थेट शेजारच्या गावात जाऊन बसायची, आणि परत येताना परवानगी मागायची.

तर अशा ताईंनी एका रविवारी सभेत ठराव मांडला. फाटकावरच्या कॅमेऱ्यात जे जे दिसतं ते, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचा फोन नंबर, थेट पोलिसांच्या नव्या कॉम्प्युटरला जोडायचा.

"त्या मशीनला म्हणे चोर आधीच ओळखू येतो," ताई म्हणाल्या. "चोरी व्हायच्या आत!"

तळमजल्यावरच्या वकीलबाई उठल्या. बारीक अंगाच्या, बारीक आवाजाच्या. "गुन्हा घडला, पोलीस न्यायाधीशाचा हुकूम घेऊन आले, तर जरूर द्या. पण रोजचं सगळं, सगळ्यांचं, न मागता कशाला द्यायचं?"

"कर नाही त्याला डर कशाला? तुम्हाला काय लपवायचंय, बाई?"

"तुम्ही न्हाणीघराला आतून कडी लावता ना? आत काय चोरी करता?"

सभा खो खो हसली. हसली, आणि हात मात्र ताईंच्या बाजूनं वर गेले. आपल्या लोकांचं हे असंच असतं, बरं का!

महिना सरला नसेल, तोच ताईंचा फोन वाजला. पलीकडे भावजय रडत होती. "वन्सं, ह्यांना पोलिसांनी नेलं हो! भर बाजारात, टपरीवरून!"

ताईंचा धाकटा भाऊ किल्लीवाला होता. कुलपं बसवायची, किल्ल्या बनवायच्या. या धंद्यात भांडवल एकच, लोकांचा विश्वास. अख्ख्या गावाच्या तिजोऱ्या त्याच्या हाताखालून गेल्या, पण कुणाची टाचणी हलली नाही.

ताई चौकीत शिरल्या. भाऊ बाकावर बसलेला, अंगातलं रक्त कुणी काढून घेतल्यासारखा. इन्स्पेक्टर पोरगेलासा होता, बोलायला अगदी गोड. त्यानं कॉम्प्युटरचं तोंड ताईंकडे वळवलं.

"तुमच्या भावाचा आकडा ब्याण्णव आहे, ताई. शंभरापैकी."

"शक्यच नाही. शाळेत हा कधी चाळिसाच्या वर गेला नाही!"

"धोक्याचा आकडा आहे हा. घरफोडी झालेल्या जवळजवळ प्रत्येक घरी यांचा फोन, यांची स्कूटर. तेही तक्रार नोंदवायच्या आधी! मशीननं बरोब्बर पकडलं. आणि तुमच्या फाटकावरून तर सगळ्यात चांगली माहिती आली. आभारी आहोत."

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. माहिती कुणी दिली? आपणच! आपल्या हातानं, ठराव मांडून!

"ताई," भाऊ पुटपुटला, "दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे त्या दिवशी तूच मला बोलावलंस ना गं?"

आणि ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो साहेब! आजोबा गावाहून आले, बघतात तर दार फोडलेलं. फुटकं दार उघडं टाकून माणूस चौकीत येईल होय? आधी कुलूप बसवून घेतो, मग तुमच्याकडे येतो. तुम्ही लिहून ठेवता तक्रारीची वेळ. मग प्रत्येक घरी किल्लीवाला आधी दिसणार नाही तर काय नंतर?"

इन्स्पेक्टरनं तक्रारींच्या वेळा पुन्हा एकदा पाहिल्या. मग मान हलवत म्हणाला, "पटतंय मला."

"मग तो आकडा पुसा."

"ते माझ्या हातात नाही. कंपनीच्या हातात आहे."

"कंपनीला विचारा, हा आकडा काढला कसा?"

"ते सांगत नाहीत. त्यांचं धंद्याचं गुपित आहे."

"वा रे वा!" ताईंनी टेबलावर अशी मूठ आपटली की चौकीतल्या खुर्च्या सावधान उभ्या राहिल्या. "त्यांचं गुपित ते गुपित! आणि आमच्या दारात कोण आलं, कधी आलं, ते चव्हाट्यावर? माणसाला चोर ठरवता आणि का ते सांगत नाही? हा कुठला न्याय!"

तेवढ्यात भावजयीनं बोलावलेल्या वकीलबाई आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "यांना कोणत्या पुराव्यावर बसवलंय? आकडा सोडून एखादा पुरावा असेल तर दाखवा. नसेल तर तसं लिहून द्या."

लिहून द्यायची वेळ आली आणि भाऊ सुटला. पण आकडा काही सुटला नाही. चौकाचौकात गाडी थांबवली की पोलिसांच्या हातातल्या फोनवर ब्याण्णव उमटायचे. स्कूटरची डिकी उघड, पिशवी उलटी कर. लोकांनी तेवढंच पाहिलं. ज्याची पोलीस रस्त्यात झडती घेतात, त्याच्या हातात घराची किल्ली कोण देणार? टपरीवर माश्या बसायला लागल्या.

ताईंनी पुन्हा सभा बोलावली. आवाज तोच, पण ठराव उलटा.

"मी चुकले," ताई म्हणाल्या. "माझ्याच हातानं माझ्या भावाचं नाव घालवलं. आज जोडणी तोडायची, आणि त्या आकड्याविरुद्ध कोर्टात जायचं. अर्जावर पहिली सही माझी."

"आणि चोर आले तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"मग पकडा की! न्यायाधीशाचा हुकूम आणा, मी स्वतः पोलिसांना खुर्ची देऊन कॅमेरा दाखवीन. पण अख्ख्या गावाला संशयित करून ठेवायचं आणि मग त्यातून चोर निवडायचा, हे चालणार नाही!"

दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत उठले. "माझं दार फुटलं तेव्हा हा पोरगा जेवण टाकून आला होता. आणि चौकीत जाऊन एवढं सांगायची मला हिंमत झाली नाही. लाज वाटते. साक्षीला माझं नाव घाला."

मग एकेक हात वर गेला. या वेळी कुणी हसत नव्हतं.

आता कोर्टानं पोलिसांना आणि कंपनीला विचारलंय, आकडा काढला कसा, आणि चुकला तर पुसणार कोण? उत्तराला तारखेवर तारीख पडतेय. तोवर भावाच्या टपरीवर रोज दुपारी ताई स्टूल टाकून बसतात. कुणी कुजबुजत गेलं की हाक मारून थांबवतात आणि सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकवतात.

बाबांनो, मशीन चुकतं, माणूसही चुकतो. पण चुकीचा जाब विचारायला समोर कुणी माणूसच ठेवायचा नाही, याला कायदा म्हणत नाहीत, जुलूम म्हणतात. आपल्या घराची माहिती आपली आहे. मागणाऱ्याला आधी विचारा, कशासाठी आणि कुणाच्या हुकुमानं? विचारायला लाजू नका, आणि आज शेजाऱ्यावर आलंय म्हणून गप्प तर मुळीच बसू नका!