नानांच्या नावाची मूठ

माझ्या वडिलांना कोणी बोटही लावलं नाही, हे आधीच सांगते. पोलीस ठाण्यातल्या जमादारानेही पहिल्यांदा तेच विचारलं होतं. "मारहाण झाली का? जखम कुठे आहे?" नानांच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. जमादाराने पेन खिशाला लावलं आणि चहा मागवला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या अंगाला. मी नोकरीसाठी जळगावला राहते, एका डाळ मिलच्या ऑफिसात. माझे वडील अभिमन, गावाचे नाना. त्यांच्या केळीला लागूनच प्रेमराजभाऊची कपाशी, मध्ये फक्त बांध. प्रेमराजभाऊ म्हणजे माझ्या वारलेल्या काकांचा मुलगा. त्याला पोहायला नानांनी शिकवलं, त्याच्या लग्नात मांडवाचे खांबही नानांनीच रोवले. उन्हाळ्यात बांधावरच्या बाभळीवरून दोघांची जुंपली होती, पण भाऊबंदकीत असं कुठे होत नाही? ते विसरलंही गेलं असतं.

जुलैत प्रेमराजभाऊची कपाशी बिघडली. पानं भेंडीच्या पानासारखी चिरली, शेंडे आखडले. असं झालं की खेड्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं, तणनाशक लागलं. आणि त्याच आठवड्यात नानांनी बांधावरचं गवत फवारलं होतं. झालं! प्रेमराजभाऊला दुसरा पुरावा नको होता.

तो आधी चौकात ओरडला. नानांच्या सात पिढ्या काढल्या. नाना म्हणाले, "मी बांध फवारा, भाऊ. तुना वावरले मी हात लायेल नई." ते कोणाला ऐकू जाणार? मग त्याने मोबाईलवर स्टेटस ठेवलं. कपाशीचा फोटो, आणि खाली 'सख्ख्या काकानेच विष पाजलं'. भाऊबंदांच्या ग्रुपवर ते फिरलं, तिथून गावाच्या, तिथून मुंबई-सुरतेच्या पाहुण्यांपर्यंत गेलं. ज्यांनी आयुष्यात कपाशी निंदली नाही तेही नानांना शिव्या घालू लागले. नानांकडे साधा बटणांचा फोन. पण किराणावाला सुपडू मोठा दयाळू. साखर बांधता बांधता त्याने स्वतःचा मोबाईल नानांच्या डोळ्यांपुढे धरला, खालच्या एकेका शिवीपर्यंत सरकवत नेला.

नाना पारावर बसायचे बंद झाले. शेतात जायला गावाबाहेरून नाल्याची वाट धरू लागले. माय फोनवर सांगायची आणि मला संताप यायचा. मी म्हणायची, गावाला कंटाळा येईल, थांबेल सगळं. मला काय ठाऊक, की अजून सुरुवातच होती.

एका सकाळी मायचा फोन आला. "दिपमाला, ये," एवढंच म्हणाली.

मी पोचले तेव्हा केळी आडवी पडली होती. निसवलेली बाग, घड भरत आलेले, आणि प्रत्येक खोड कमरेतून कापलेलं. चीक गळून माती काळी पडली होती. आमच्या भागात दुश्मनी काढायची ही रीत आहे. माणसाला हात लावला तर गुन्हा होतो, म्हणून त्याची केळी कापायची. पेपरात दोन ओळी येतात, 'अज्ञात माथेफिरूने'. गावाला माथेफिरूचं नावगाव सगळं माहीत असतं. नाना एका कापलेल्या खोडाच्या बुडाशी बसले होते आणि हाताने मातीची भर लावत होते, रोप लावताना लावतात तशी. त्यांना उठवताना मला रडू फुटलं.

त्यानंतर मी ठाण्यात गेले. जमादाराचं सांगितलंच.

श्रावणात कानबाई देवीचा सण आला. आमच्या खानदेशात कानबाईच्या नैवेद्याचे रोट फक्त भाऊबंदांत खातात, बाहेरच्याला त्यातला घासही देत नाहीत. रोटाचा गहू काढताना कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ टाकतात. पाळण्यातल्या पोराचीही पडते. पडत नाही ती फक्त मेलेल्याची.

कुळातले थोरले हिलालआबा सुपात मूठ टाकत होते, एकेक नाव घेत होते. प्रेमराजभाऊचं घेतलं. त्याच्या तान्ह्याचं घेतलं. सगळी नावं झाली आणि आबा हात झाडून उठू लागले. बायांमध्ये बसलेली माझी माय तानुबाई पदर तोंडात धरून बघत होती.

नाना उभे राहिले. "आबा, मना नाव राहिनं."

"राहिनं नई," आबा म्हणाले. "पहिले कबूल कर. मंग मूठ टाकसूत."

सगळे नानांकडे बघत होते. मी मागून ओरडले, "नाना, तुम्ही काही केलेलं नाही!" कोणीतरी मला गप्प बसवलं. नानांनी सुपाकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि हात जोडले.

"मी करेल शे. चुकनू."

मूठ पडली. नंतर रोट झाले, आणि नाना खाली मान घालून पंगतीत जेवले. घरी येताना मी त्यांच्यावर चिडले, "खोटं कशाले बोलनात?"

ते म्हणाले, "जित्ता शे ना मी, बेटा."

मी जळगावला निघून गेले. आल्या-गेल्याकडून कळायचं ते वाईटच. नाना शेतात जात नाहीत. ओसरीवर बसून असतात. कोणी दार वाजवलं, दूधवाला का असेना, की हात जोडून उभे राहतात. "चुकनू भाऊ," म्हणतात. आधी लोक हसले. मग घाबरून आमच्या दारावरून जाणंच टाळू लागले.

पोळ्याला मी घरी गेले. प्रेमराजभाऊची बायको रूपा मागच्या दाराने आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिचा भाऊ भिकन माहेराहून आला होता. त्याने कपाशी बघितली आणि कपाळावर हात मारला. जुलैत मक्यावर तणनाशक मारायला तोच प्रेमराजभाऊचा फवारणीचा पंप घेऊन गेला होता. परत देताना धुतला नाही, सांगायचंही राहून गेलं. प्रेमराजभाऊने त्याच पंपात किडीचं औषध ओतलं आणि आपल्या हाताने कपाशी फवारली. आपल्या हाताने!

"वहिनी, चला," मी म्हटलं. मला वाटलं, संपलं. आता नाना परत येतील.

मी प्रेमराजभाऊला त्याच्या ओट्यावरून उठवून आणलं. तो आमच्या अंगणात आला आणि नानांच्या पायांवर पडला, चांगला धाय मोकलून रडला. "नाना, मनी चूक शे. पंपमा व्हतं ते औषध. तुम्ही काईच करेल नई. केळी मी कापी, नाना. माले मारा."

नाना घाईघाईने उठले. धोतर सावरलं. पायांपाशी पडलेल्या पुतण्याकडे त्यांनी पाहिलं, आणि हात जोडले.

"नई भाऊ, मीच करेल शे," ते म्हणाले. "सगळास्नासमोर सांगं ना मी. मनी मूठ पडनी ना. आते नका इचारू."

"नाना, तो काय म्हणतोय ते ऐका!" मी त्यांचे खांदे धरले. "तुम्ही केलेलं नाही. आता सगळ्यांना कळेल, तुम्ही केलेलं नाही!"

ते माझ्या हाताखालून मागे सरकले, भिंतीला टेकले. हात जोडलेलेच होते. माझ्याकडे बघून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बेटा, तू बी त्यास्नाकडनीच शे का?"