आवक क्रमांक चारशे बारा

पित्ताशय काढून झाल्यावर डॉक्टरांनी आवककाकांना बजावलं होतं, जड उचलायचं नाही आणि जोरात हसायचं नाही. त्यावर बायको म्हणाली, "हसण्याची काळजी सोडा डॉक्टर. एकतीस वर्षांत हे दोनदा हसलेत, आणि त्यातला एक बहुधा ठसका होता."

रजेच्या बेचाळीस दिवसांत काका खरंच हसले नाहीत. हसू येण्यासारखं होतं काय? कचेरीतली आवक टेबलाची खुर्ची त्यांची. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्यापुढे यायचा, ते त्यावर शिक्का मारायचे, वहीत क्रमांक घालायचे, मग तो वर जायचा. नाव मागे पडून 'आवककाका' एवढंच उरलं होतं, ते त्यामुळेच. आणि आता त्या खुर्चीवर दुसऱ्या शाखेतून आणलेल्या एक बाई बसत होत्या. सगळे त्यांना बदलीबाई म्हणत. विचारपूस करायला आलेला वरिष्ठ कारकून पलंगाशी बसून सांगून गेला होता, "बाई फार चटपटीत हो काका! दुपारनंतर टेबलावर कागद म्हणून शिल्लक नसतो." असं आजाऱ्याला सांगतात का? त्या रात्रीपासून काकांच्या डोळ्यांपुढे कचेरीचं तळघर येऊ लागलं. तिथे जुनी दप्तरं होती, एक दिवा होता, आणि तिथे कुठलाही नवा कागद कधीच येत नसे. निवृत्तीला चौदा महिने होते. कचेरीच्या मोठ्या मॅडमनी बाईंना ठेवून घेतलं, तर ते चौदा महिने तिथेच.

रजेच्या शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी, मेव्हणी तीन तिकिटं नाचवत आली. "भावोजी, चला नाटकाला! तोंड बघा कसं झालंय, उद्या कामावर निघालात की फासावर?"

"टाके—" काका म्हणाले.

"उशी घ्या पोटाशी," बायको म्हणाली आणि तिने खरोखरच एक छोटी उशी पिशवीत टाकली. काकांच्या चांगल्या कोटाच्या आतल्या खिशात उद्याचा तंदुरुस्तीचा दाखला तिने सकाळीच ठेवला होता, विसरायला नको म्हणून. तोच कोट घालून काका निघाले.

जागा पहिल्या रांगेत. नाटक एका चिक्कू म्हाताऱ्याचं आणि त्याच्या तावडीतून पळू बघणाऱ्या मैना नावाच्या पुतणीचं. दुसऱ्या अंकात म्हाताऱ्याची चाहूल लागताच मैना दचकते आणि तिच्या हातातली, प्रियकराला लिहिलेली गुलाबी चिठ्ठी उडून कोचाखाली जाते. निदान जायला हवी होती. पण वादळासाठी विंगेत लावलेला पंखा जरा जोरात सुटला, आणि चिठ्ठी गिरक्या घेत घेत काकांच्या पोटावरच्या उशीवर येऊन बसली.

दुसऱ्या कुणी ती उचलून रंगमंचावर ठेवली असती. काकांचे डोळे मैनेकडे होते आणि हात एकतीस वर्षांच्या सवयीने आपलं काम करत होते. हातांनी कागद सरळ केला, घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवला. कागद आला, घेतला, विषय संपला.

तिसऱ्या अंकात म्हाताऱ्याला कोचाखाली ती चिठ्ठी सापडायची होती. तो वाकला. मग गुडघ्यांवर आला. मग सपशेल आडवा झाला आणि कमरेपर्यंत कोचाखाली शिरला. प्रेक्षकांना बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते, तेही हताश. शेवटी धुळीने माखलेला तो बाहेर आला, त्याने स्वतःच्याच खिशातून धोब्याची यादी काढली आणि थरथरत्या आवाजात वाचू लागला, "दोन सदरे... चार उशांचे अभ्रे... एक पायमोजा, दुसरा सापडत नाही... तुझीच, मैना!" आणि छाती धरून कोसळला.

काका हसले. आधी खांदे हलले, मग उशी, मग ती जुनी खुर्ची करकरायला लागली. "ताई, डॉक्टरांना बोलवू का गं?" मेव्हणीने घाबरून विचारलं. ताई स्वतःच रुमालात तोंड खुपसून बसली होती. टाके मात्र शाबूत राहिले.

सोमवारी सकाळी काका कचेरीत शिरले तेव्हा ते हसू कधीच जिरलं होतं. त्यांच्या खुर्चीवर फुलाफुलांची गादी होती आणि गादीवर बदलीबाई.

"या काका! बरं वाटतंय ना? रुजू व्हायचा अर्ज आणलात?"

काकांची नजर त्या गादीवरून हलेना. त्यांनी अर्ज दिला, खिशातले कागद न बघता वर ठेवले. बाईंनी शिक्का मारला, टाचणी लावली, चारशे बारा क्रमांक घातला. अर्जाखाली काकांनी 'सोबत : एक' लिहिलं होतं. बाईंनी ते खोडून 'दोन' केलं.

हिला मोजताही येत नाही, काकांना वाटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

बाराच्या सुमारास मॅडमचं बोलावणं आलं. मॅडमपुढे काकांचा अर्ज होता, त्याखाली दाखला, आणि त्याखाली एक गुलाबी कागद.

"काका, अर्जात तुम्ही लिहिलंय, शरीराने व मनाने पूर्ण तंदुरुस्त आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि सोबत हे जोडलंय. 'आज साडेसहाला मागच्या दाराने ये. दोर घेऊन ये. म्हाताऱ्याला काही कळणार नाही. तुझीच, मैना.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हातारा कोण?"

काकांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. खिसा पित्ताशयाच्या जागेसारखाच मोकळा होता.

"खाली शेरे आहेत," मॅडम पुढे वाचू लागल्या. "वरिष्ठ कारकून : 'मागील दार दुरुस्तीसाठी बंद. पुढील दाराने यावे.' अधीक्षक : 'दोराची मागणी भांडाराकडे पाठवावी.' भांडारप्रमुख : 'दोर शिल्लक नाही. सुतळी आहे, चालेल का?'"

काकांना तळघरातला तो एकुलता एक दिवा लख्ख दिसला. सुटकेची वाटही दिसली. बाईंनी भलताच कागद टाचला, एवढं म्हणायचा अवकाश. 'एक' खोडून 'दोन' केलेलं तर समोरच होतं. बाई गेल्या असत्या, खुर्ची परत आली असती. काकांनी तोंड उघडलं.

"बाईंनी बरोबर मोजलं मॅडम," ते म्हणाले. "चूक माझ्या हातांची आहे."

मग सगळं सांगणं आलं. पंख्यापर्यंत काका हळू आवाजात बोलले. कोचापाशी त्यांना उभं राहावं लागलं. म्हाताऱ्याचे पाय कसे दिसत होते ते दाखवायला त्यांनी एक पाय खुर्चीमागे हलवला, आणि "एक पायमोजा, दुसरा सापडत नाही" म्हणताना त्यांचं त्यांनाच असह्य झालं. टाक्यांसाठी हाताशी उशी नव्हती, म्हणून त्यांनी मॅडमच्या टेबलावरची जाडजूड फाईल उचलून पोटाशी धरली.

मॅडमनी चष्मा काढला. डोकं टेबलावर टेकवलं. दाराबाहेरच्या शिपायाला वाटलं, कुणीतरी गेलं. तो धावत पाणी घेऊन आला.

"सुतळी..." मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "तिघांनी शेरे मारले, काका! आणि एकानेही विचारलं नाही की ही मैना कोण!" बऱ्याच वेळाने त्या सावरल्या. "आता याचं करायचं काय? क्रमांक तर पडलाय."

"पडलेला क्रमांक खोडता येत नाही," काका चटकन म्हणून गेले.

"माहीत आहे. मी इथे नवी लागले तेव्हा तुम्हीच मला ते दरडावून सांगितलं होतंत." त्यांनी लेखणी उचलली. "म्हणजे कागद रीतसर बाहेर जायला हवा. जावकचं टेबल केव्हाचं रिकामं आहे. बाई आजपासून तिकडे. आणि हा तुमचा अर्ज : रुजू करून घ्यावे, मूळ जागी."

बदलीबाईंनी आपली गादी उचलून शेजारच्या टेबलावर नेली आणि पहिलीच जावक नोंद केली. "मैनेचं पत्र, मूळ मालकास परत. काका, वाचायचं नसतं हो आपण, पण एक विचारू? शेवटी पळाली का ती?"

"पळाली. पुढच्या दाराने."

नाट्यगृह दोन गल्ल्या पलीकडे. जेवणाच्या सुट्टीत काका स्वतःच गेले. नाटकाचा व्यवस्थापक दाराशीच भेटला. त्याने कागद पाहिला आणि काकांचे दोन्ही हात धरले. "तुम्हीच का ते उशीवाले? अहो, ठेवा हा तुमच्याकडेच! आता आम्ही धोब्याचीच यादी वाचणार. काल लोक खुर्च्यांवरून घसरले, असा हशा या नाटकाला कधी मिळाला नव्हता!"

"पण हा कागद तुमचा आहे. पोच द्या."

"देणार नाही," व्यवस्थापक आनंदाने म्हणाला आणि आत निघून गेला.

तीन वाजता काका परतले. खुर्चीवर बसले. गादीविना ती थोडी टणक लागली, पण ओळखीची. गुलाबी कागद समोर होता. बाहेरून आला होता, म्हणजे प्रश्नच नव्हता.

काकांनी शिक्का शाईत दाबला, धाडकन मारला आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं : आवक क्रमांक चारशे एकतीस.

शेजारच्या टेबलावरून बाईंनी गादी पुढे केली. ती पोटाशी धरून काका वहीवर वाकले, आणि त्यांचे खांदे हलू लागले.