सुईची भोकं

भूमितीच्या बाईंनी चाळीस वर्षं मुलांच्या वाकड्या रेघा लाल शाईने खोडल्या आणि निवृत्त झाल्यावर गोधडीही भूमितीसारखीच शिवायला घेतली. सात ओळी, ओळीत सात, असे एकोणपन्नास चौकोन; प्रत्येक कापडाचे तुकडे जोडून केलेला, साडेनऊ इंची, शिवण पाव इंचाची. टोकाला टोक भिडलं नाही की सगळं उसवायचं. शेजारणी म्हणायच्या, "अहो, अंगावर घ्यायचीय, परीक्षेला नाही बसवायची!" बाई ऐकून घ्यायच्या आणि उसवायच्या.

असे एकतीस चौकोन झाले. मग आजारपण आलं, आणि उजवा हात थरथरायला लागला तो थांबेचना. लेक फोनवर म्हणाली, "आई, उरलेली कुणाकडून तरी शिवून घेऊ."

"अठराच राहिलेत. मीच पुरी करणार." बाई बोलल्या म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण मशीनवर बसल्यावर कापड हाताखालून निसटायचं आणि शिवण नागमोडी जायची. बाई ओठ घट्ट मिटून चौकोन घडी करून ठेवत आणि मागच्या गल्लीत हाताच्या व्यायामाला जात. दुसऱ्या दिवशी घडी उघडून बघावी, तर शिवण काल वाटली तेवढी वाकडी नसायची. चक्क सरळच असायची. एक झाला, दोन झाले, आठवड्यात सात चौकोन झाले. माणसाला हवं तेच दिसतं, मग तो भूमितीचा मास्तर का असेना. हात सुधारतोय असं बाईंनी लेकीला कळवलं, शेजारणींना सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही.

सातवा चौकोन त्या व्यायाम घेणाऱ्या मुलीला दाखवायला घेऊन गेल्या. तिने तो कौतुकाने खिडकीकडे धरला.

"किती छान शिवलंय! पण ही बारीक भोकं कसली हो?"

सरळ शिवणीच्या शेजारून भोकांची एक ओळ वळत वळत गेली होती आणि एकेका भोकातून उजेड येत होता. एकतीस चौकोन उसवत उसवत शिवलेल्या बाईला उसवलेलं कापड कुणी समजावून सांगायला नको. ती वाकडी ओळ त्यांची स्वतःची होती.

घरी त्यांचे यजमान मशीनपाशीच बसलेले होते. त्यांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घातला होता. गल्लीत सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. बाईंनी चौकोन त्यांच्यापुढे टाकला.

"हे तुम्ही केलंत?"

घड्याळजींना खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं. "तुला बरं वाटावं म्हणून गं. तू व्यायामाला गेलीस की…"

"वाटलं ना बरं! आठवडाभर वाटलं. गावभर सांगत फिरले मी!" एवढं बोलून बाई खुर्चीत बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. संतापाचं रडणं होतं ते, आणि त्यात लाजही होती. घड्याळजी चोरासारखे उभे राहिले.

रडून झाल्यावर बाईंनी तोंड धुतलं, झालेल्या चौकोनांपैकी एक समोर पसरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. शेजारच्या चौकोनाला काय लागतं? चार कडा. साडेनऊ म्हणजे साडेनऊ. आतल्या शिवणी कुठून गेल्या, हे त्याला विचारायचं कारण नाही.

"ऐका," त्या म्हणाल्या. "आजवर मी मोजून कापलं आणि मग शिवलं. आता आधी शिवणार, हात नेईल तसं. मोजायचं आणि कापायचं नंतर. मोजपट्टी तुम्ही दाबून धरायची. कटर मी फिरवणार."

पहिला चौकोन फसला. शिवणींनी कापड खाल्लं आणि मोजपट्टी ठेवली तर एक कोपरा बोटभर कमी भरला. घड्याळजींच्या ओठांवर आलेलं "मी करू का?" त्यांनी गिळलं, हे बाईंनी पाहिलं. मग बाईंनीच कोपऱ्याला निळ्या कापडाची एक पट्टी तिरकी जोडली, तिच्यावर दुसरी, आणि चौकोन ऐसपैस झाला. घड्याळजींनी दोन्ही हातांनी मोजपट्टी दाबली, आणि थरथरत्या हाताने धरलेलं गोल पात्याचं कटर तिच्या कडेने सरळ गेलं. जाणार कुठे?

आत सगळ्या शिवणी मन मानेल तिकडे गेलेल्या, आणि बाहेरून साडेनऊ इंच, सुताचाही फरक नाही. बाईंनी चारही कडा दोनदा मोजल्या.

"आता तुम्ही सरळ केलेले उसवा. ते माझे नाहीत."

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले. रोज एक उसवायचे, आणि बाई तो वाकडातिकडा शिवून, लागेल तिथे कापडाची पट्टी जोडून साडेनऊला आणायच्या. सहा झाले. सातवा घड्याळजींनी हातात घेतला, तेव्हा बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. बाईंचा हात अजून थरथरतच होता.

"हा राहू दे."

"का गं? हाही तुझा वाकडाच होता."

"होताच. यातली भोकं माझी आहेत आणि दोरा तुमचा आहे." बाईंनी चौकोन सरळ केला. "चौथ्या ओळीत चौथा लावू. बरोब्बर मधोमध येतो. मोजून बघा हवं तर."