फुलीच्या अंगावरची चांदी

मिसरी भाजावी ती द्वारकाबाईनंच, असं अंथुर्ण्यातल्या बाया म्हणत, आणि एखादे दिवशी कुणी म्हटलं नाही तर द्वारकाबाई स्वतःच म्हणे. तंबाखूचा पार कोळसा व्हायच्या आत तवा उतरवायचं कसब तिच्या हातात होतं. बारामतीच्या बाजाराहून तंबाखू आली की बाया डब्या घेऊन तिच्या दारात उभ्या. पण पहिली चिमूट धाकट्या जावेची, शकुबाईची. रोज सकाळी दोघी जावा मागच्या पायरीवर तोंडात बोट घालून बसायच्या, आणि चूळ भरेपर्यंत निम्म्या गावाची उणीदुणी काढून व्हायची. दोघींचे नवरे गेले होते, वाटण्या होऊन घरात भिंत आली होती, पण ती पायरी कुणी वाटून घेतली नव्हती.

ते बसणं मोडलं मुंबईच्या गाडीनं.

उसाच्या लागणी चालू होत्या तेव्हा एक जीप गावात आली. तीतून चष्मा लावलेल्या एक डॉक्टरीणबाई उतरल्या, मागून नर्स. मिसरी लावणाऱ्या बायांच्या तोंडात पुढं काय काय होतं, आणि त्यांच्या घरातली बारकी पोरं कशी वाढतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. दर महिन्याला येणार होत्या. पोरं तोलायला टांगायचा काटा होता, त्याला खाली झोळी. काटा टांगायला कडी हवी. आणि अख्ख्या जुन्या घरात पाळण्याची भक्कम कडी एकच, ओट्यावरच्या तुळईला. वाटणीत तो ओटा गेला होता धाकटीकडं.

झालं! काटा शकूच्या ओट्यावर, खुर्ची-बाक शकूच्या ओट्यावर, चहा शकूच्या चुलीवर.

"थोरलं घर कुठलं ते इचारायची रीत न्हाय वाटतं मुंबईत," द्वारकाबाई भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

नर्स बोलवायला आली तेव्हा तर ती फणकारलीच. "आ करून दाखवायला मी काय बाजारातली म्हस हाय? दात मोजून घेणार व्हय मला?"

शकूनं मात्र आ केला. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून बराच वेळ पाहिलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. "मिसरी आजपासून बंद करा," त्या म्हणाल्या, "आणि दर खेपेला मला तोंड दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाईनं डबी पुढं केली तर शकूनं हात मागं घेतला.

"आता नगं, जाऊबाई. बाईंनी सांगितलंय."

"बाईंनी! काल आली बाई. मी तीस वर्सं हितं बसलेय ती कोण गं?"

 शकू थोडी बसली आणि कामाचं निमित्त काढून उठली. पुढं पुढं येईनाशीच झाली. जीप आली की डॉक्टरीणबाई आधी विचारत, "शकुबाई कशा आहेत?" शकूला खुर्चीवर बसवत, तिची हनुवटी हातात धरत. द्वारकाबाई खिडकीच्या गजातून ते बघे. चट्टा तो केवढा, आणि मान केवढा!

त्यात शकूचा नातू गेणू. काट्यावर घातला की नर्स हसून म्हणे, "पैलवान आहे!" ते गावभर झालं. द्वारकाबाईची नात फुली गेणूच्याच बरोबरीची. आता मागं राहून कसं चालेल? द्वारकाबाईनं सुनेला, रतनला, पोरगी घेऊन ओट्यावर पाठवलं आणि स्वतः दाराआड उभी राहिली. काटा हलला तो जेमतेम. नर्स म्हणाली, "हिचं वजन कमी आहे. दुधाची भुकटी देऊ, घेऊन जा."

भुकटी! चार बायांदेखत! द्वारकाबाई तरातरा ओट्यावर गेली आणि रतनच्या कडेवरची पोरगी ओढून घेतली. "माझ्या गोठ्यात दोन म्हशी हायेत. धर्माची भुकटी ज्याच्या घरात दूध न्हाय त्येला द्या."

पुढच्या खेपेला फुलीला तिनं स्वतः सजवलं. पायात वाळे, हातात बिंदल्या, कमरेला चांदीचा करदोटा, पेटीतली जुनी साखळी पोटाशी फडक्यात गुंडाळलेली, त्यावर जाड झबलं, त्यावर कुंची. नर्स कपडे काढायला लागली तसा तिनं हात धरला. "उघडं पोर काट्याला लावलं की दिष्ट लागती. ते आमच्यात चालत न्हाय." डॉक्टरीणबाईंना गावाचं मन मोडायचं नव्हतं. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "कपड्यांचं थोडं वजा करू."

काटा गेणूच्या पुढं गेला.

"बघा!" नर्स म्हणाली. "भुकटीची गरजच नाही." त्या दिवशी द्वारकाबाईला साधी भाकरीसुद्धा पुरणपोळीसारखी लागली.

पण पोर म्हटलं की महिन्यागणिक वाढायला हवं, आणि चांदी काही वाढत नाही. पेटीतलं होतं नव्हतं ते फुलीच्या अंगावर चढत गेलं. आतली पोरगी उलट वाळत चालली. पोट तेवढं पुढं आलं, डोळे पांढरे दिसायला लागले. दातांनी किरकिर केली की द्वारकाबाई चिमूटभर मिसरी तिच्या हिरड्यांना चोळी, मग ती गुंगून पडून राही.

"आत्याबाई," रतन एकदा धीर करून म्हणाली, "पोरगी भिंतीची माती खाती. भुकटी घिऊ या की."

"तुझ्या म्हायेरी खात असतील माती. आमच्या घरात न्हाय कुणी खाल्ली."

 त्या दिवसापासून रतन सासूला पोरगी सजवताना बघायला थांबत नसे.

उन्हाळ्यात शकूच्या चट्ट्याला चीर पडली, ती भरेना. डॉक्टरीणबाईंनी तिच्या मुलाला, जोतीरामला, समोर बसवून सांगितलं. द्वारकाबाई खिडकीशी होतीच. "हा कॅन्सर आहे. पण लहान आहे. आता कापून काढला तर बऱ्या होतील, अशा बहुतेक बाया होतात. वर्षभर लपवला असता तर मला काही सांगता आलं नसतं."

ऑपरेशनसाठी मुंबईला निघायच्या दिवशी शकू मागच्या पायरीवर आली. हातात फडक्यात बांधलेले पायातले तोडे होते.

"जाऊबाई, हे तुमच्याजवळ ठिवा. मागारी आले तर माझे. न्हाय आले तर फुलीच्या लग्नात तिच्या पायात घाला."

द्वारकाबाईनं फडकं हातात घेतलं, तेवढ्यात जीपचा भोंगा वाजला, आणि शकू डायवरच्या शेजारी, पुढं बसून गेली. द्वारकाबाईच्या डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच राहिलं. थोरल्या जावेनं इंदापूरच्या पलीकडं काही पाहिलं नाही, आणि धाकटी गाडीत पुढं बसून मुंबईला!

पुढच्या तोलाच्या दिवशी फुलीच्या कमरेला शकूचे तोडे होते.

पावसाळा सरता सरता शकू परत आली. गालावर शिवण, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं सावकाश. गाव भेटून गेलं. द्वारकाबाई सर्वांच्या शेवटी गेली, उभ्याउभ्या "बरी हायेस न्हवं?" म्हणाली आणि परतली. घरात आल्यावर तिला तोडे आठवले, ते परत द्यायला हवे होते. पण दुसऱ्याच दिवशी जीप यायची होती, आणि तोडे काढले तर काटा केवढा खाली येणार!

सकाळी ती पायरीवर फुलीला कुंची घालत होती. फुली एकदा बसली की त्या भारानं उठत नसे. शेजारी सावली पडली. शकू होती. पायरीवर कितीतरी दिवसांनी आली होती.

"इकडं आणा," म्हणत तिनं वाकून फुलीला उचललं आणि तिचा तोल गेला. "जाऊबाई... पोरगी धोंड्यावानी जड. अन् हात बघा हिचे. काड्या."

"आण तिला. येळ होतोय."

शकूचा हात झबल्याखाली गेला आणि थांबला. एका तोड्याला पोचा होता. नवी नवरी असताना म्हशीनं तिच्या पायावर पाय दिला होता तेव्हाचा. त्या रात्री पाय हळदीनं शेकत बसली होती ती हीच थोरली जाऊ. त्या पोच्यावरून शकूनं अंगठा फिरवला. द्वारकाबाई खाली बघत होती.

शकूनं आरडाओरडा केला नाही. फुलीला मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली.

"कशापायी हो, जाऊबाई?"

मग मात्र द्वारकाबाईचा बांध फुटला. "कशापायी? तुला ओटा, तुला कडी, तुला डॉक्टरीण, तुला मुंबई! नातूबी तुझाच पैलवान! रोज माझ्याजवळ हितं बसायचीस, ती त्या परक्या बाईसाठी उठून गेलीस. डबी पुढं केली तर हात मागं घेतलास. माझ्याजवळ काय ऱ्हायलं गं? एक पोरगी, तीबी हलकी!"

 बोलताना शकूचा गाल दुखत होता.

"मला वाटायचं, तुमीबी तोंड दाखवायला याल. दर खेपंला बाकावर सरकून बसत होते, जागा ठिवून." तिनं पदरानं तोंडाची कड पुसली. "मुंबईत शेजारच्या खाटंवर एक बाई होती. लाजून दोन वर्सं पदराआड ठिवलं तिनं. ती मागारी गेली न्हाय, जाऊबाई. फुलीचं तसं करू नगा."

फुली शकूच्या बोटाशी खेळत होती. भिंतीवरल्या माशीइतकीसुद्धा तिच्या हाताला ताकद नव्हती. द्वारकाबाईनं ते पाहिलं. इतके दिवस तिनं काटाच पाहिला होता.

जीपचा आवाज आला. द्वारकाबाई उठली, नातीला घेतलं आणि पाठीमागून नाही, पुढच्या बाजूनं, सगळ्या बायांमधून ओट्यावर चढली. "रतन, इकडं ये," तिनं हाक मारली. "हिची कुंची काढ."

मग तिनं स्वतः एकेक वस्तू काढून ओट्यावर ठेवली. वाळे, बिंदल्या, करदोटा, साखळी. शेवटी तोडे. बाया माना उंच करून बघत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. द्वारकाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की पदर खाली आला.

"आता तोला," ती नर्सला म्हणाली. "आधीचे सगळे आकडे खोटे हायेत. ते चांदीचे हायेत."

झोळीत फुली उघडी पडली होती. काटा थोडासा हलला आणि तिथंच थांबला. ओट्यावर कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबलं, काळपट हिरड्यांवर बोट फिरवलं. त्या रागावल्या होत्या, पण आवाज हळूच होता.

"अंगात रक्त नाही, पोटात जंत. इतके महिने फुकट घालवलेत, आजी. अजून वेळ गेलेली नाही. औषध, भुकटी, आणि मिसरी हिच्या तोंडाला पुन्हा लावायची नाही."

"भुकटी कुठली ती द्या," द्वारकाबाई म्हणाली. रतननं पुढं होऊन डबा घेतला आणि सासूकडं न बघता पोरीला छातीशी धरलं.

"आणि तुमचं तोंड?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

द्वारकाबाईच्या उजव्या गालात महिनाभर काहीतरी टोचत होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.  तपासायच्या बाकावर शकू आधीच बसली होती. ती जराशी सरकली. द्वारकाबाई ओट्याखाली उतरली, खळखळून चूळ भरली आणि धाकटीच्या ओट्यावर धाकटीच्या मागच्या नंबराला येऊन बसली.

"आ करायला लई येळ लावलात, जाऊबाई," शकू वाकड्या तोंडानं म्हणाली.

"गप बस. टाके उसवतील तुझे."

बॅटरी लागली. द्वारकाबाईनं शकूचा हात घट्ट धरला आणि आ केला.