उणे अकरा तासांची शर्यत

सोन-कुल तळ्याकाठच्या घोड्यांच्या शर्यतीचे निकाल दाखवायचं काम त्या उन्हाळ्यात बिश्केकच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीकडे आलं. मी नोकरीला नवी. वेळेची सगळी आकडेमोड मी स्वतः लिहिली, कोडच्या तीनशे ओळी.

माझी वरिष्ठ इरिस्कान, जिला आम्ही एजे म्हणजे ताई म्हणतो, तेव्हाच म्हणाली होती, "बेगिमाय, प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबतच येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीत हे तयार असतं गं. आधी तिथे बघ."

"एजे, मला माझ्या हाताने करायचंय!"

"कर बाई. पण घोडा रेषेवर आला की संगणक जी तारीखवेळ देईल, ती जशीच्या तशी साठव."

तेवढं मात्र मी ऐकलं.

शर्यत सकाळी नऊला होती आणि माझ्या चाचण्याही सकाळच्याच वेळांच्या. नेमक्या गारा पडल्या आणि शर्यत दुपारवर गेली. वाट अरुंद, म्हणून घोडे दोन तुकड्यांत सोडायचे होते. पहिली तुकडी सुटली साडेबाराला, दुसरी एकला. ज्याला कमी वेळ लागेल, तो पहिला.

एक वाजून दहा मिनिटांनी पहिला घोडा आला आणि निकालाच्या फळ्यावर उमटलं, 'उणे अकरा तास वीस मिनिटं'. एक वाजून दहातून साडेबारा वजा केले होते मी, दुपारचा एक म्हणजे तेरा हे विसरून!

सगळ्यात शेवटी आपली म्हातारी घोडी दामटत पहिल्या तुकडीतले सत्तरीचे ताशमत अक्साकाल, गावातले मानाचे आजोबा, पोचले. फळ्यावर त्यांचं नाव दुसऱ्या तुकडीतल्या सगळ्यांच्या वर!

"पोरी," अक्साकाल खोगिरावरूनच गरजले, "मी निघायच्या दहा-अकरा तास आधीच पोचलो? मग सकाळी माझ्या घरी नाश्ता कुणी केला?"

अख्खं कुरण खदाखदा हसलं. दुसऱ्या तुकडीत पहिली आलेली मिरगुल ओरडली, "या म्हाताऱ्याच्या मागे माझा नंबर? मी इथून हलणार नाही!"

पंचांनी अर्धा तास दिला. मी घाईघाईने लिहायला बसले, एक वाजला असेल तर बारा मिळवायचे. एजेने माझा हात धरला.

"ठिगळ नको. पुसून टाक सगळं."

"सगळं?"

"सगळं."

तीनशे ओळी मी पुसल्या. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? मग गवतावर बसून लायब्ररीची माहितीपानं मी पहिल्यांदाच नीट वाचली. साठवलेल्या वेळा तशाच होत्या. एकातून दुसरी वजा करायला चार ओळी पुरल्या. एजेने दुपारचे बारा, रात्रीचे बारा, महिन्याची अखेर, सगळं तपासायला लावलं. कुठेच चूक नाही!

फळा पुन्हा लागला. मिरगुल, छत्तीस मिनिटं, पहिली. तिने टोपी उडवली. अक्साकाल शेवटचे, एक तास वीस मिनिटं.

"एवढा लवकर?" ते खूश होऊन म्हणाले. "गेल्या वर्षी दीड तास लागला होता!" आणि त्यांनी मला नि एजेला हाताला धरून आपल्या तंबूत नेलं, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे वाडगे भरले.

शहरात परतल्यावर मी लायब्ररीची यादी काढली. मी कष्टाने लिहिलेली आणखी सहा कामं तिच्यात तयार होती. एकेक पुसताना मी मोठ्याने हसत होते आणि शेजारच्या टेबलावरून एजे विचारत होती, "आता कुठलं गेलं?"