फुंकाबाईंची परीक्षा

“हळूच फुंका... म्हणजे, जमेल तसं,” एक्स-रेवाले भाऊ म्हणाले.

फुंकाबाईंनी तोंडातली नळी काढली. “जमेल तसं? अहो, अशानं मशीनही झोपी जाईल. ओरडा माझ्यावर.”

“बाई, मी घरात मांजरावरसुद्धा ओरडलेलो नाही.”

“म्हणून तर ते तुमच्या उशीवर झोपतं. ओरडा.”

रुग्णालयातल्या याच खोलीत फुंकाबाई एकवीस वर्षं लोकांच्या फुप्फुसांची ताकद मोजत आल्या होत्या. नळीत फुंकणाऱ्याच्या कानाशी उभं राहून ‘फुंका, फुंका, अजून फुंका’ असं त्या गरजत, तेव्हा बाहेर बाकावर बसलेलेही नकळत गाल फुगवत. नाव त्यावरूनच पडलं. पण चार महिन्यांपूर्वी विषाणूच्या तापानं त्यांनाच गाठलं. ताप उतरला, धाप मात्र मागे राहिली. गरजणं सोडाच, वेणी घालतानाही मध्ये थांबावं लागे.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, “विषाणू केव्हाच गेला. त्याच्याशी लढायला आलेल्या पेशी मात्र फुप्फुसात ठाण मांडून बसल्यात. त्यांच्यामुळे नव्या पेशींची वाढ अर्ध्यावर अडते आणि जखम भरत नाही.”

“म्हणजे चोर पळाला आणि पोलीस मुक्कामाला राहिले.”

“तसंच. पण सगळ्यांना हाकलूनही चालत नाही, त्यांतल्या काही दुरुस्तीला लागतात. औषधानं जरा शांत करून बघू.”

सहा आठवडे औषध झालं होतं. बाई या खोलीत परत येणार की नोंदणीच्या खिडकीत बसणार, हे आजच्या आकड्यावर ठरायचं होतं. आणि बाईंच्या जागी तात्पुरते बसवलेल्या भाऊंच्या मवाळपणामुळे दोन प्रयत्न फुकट गेले होते.

“भाऊ,” बाई खाली बघत म्हणाल्या, “खिडकीत बसून चिठ्ठ्या फाडायला नाही हो जमणार मला.”

भाऊंनी चष्मा काढून खिशात ठेवला. बाईंनी नळी ओठांत धरली.

“फुंका!” भाऊ असे कडाडले की दारातल्या शिपायाच्या हातून फाइली पडल्या. “थांबायचं नाही. अजून. अजून. सोडाल तर याद राखा.”

बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण त्यांनी सोडलं नाही.

कागद बाहेर आला. तो त्यांनी स्वतःच वाचला. औषधाआधी शंभरातले बावन्न होते, ते अडुसष्ट झाले होते. पूर्ण शंभर कदाचित कधीच होणार नव्हते. तेही त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

“बरं आहे ना?” भाऊंनी बसलेल्या आवाजात विचारलं.

“खूप बरं आहे. जा, कोमट पाण्यानं गुळण्या करा.”

सोमवारी बाई याच खोलीत पुन्हा कामावर रुजू झाल्या. पहिलेच आजोबा नळी बघून मागे सरकले. “मला नाही जमायचं, बाई.”

बाईंनी स्टूल ओढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या पेशंटसमोर बसल्या. “घाई नाही, मलाही वेळ लागतो,” त्या म्हणाल्या. मग दोघांनी मिळून, सावकाश, छातीभर श्वास घेतला.